पाणी झोडणारा कौतिक

दोंडाईच्यापासून गाडीवाटेनं कोस-दीड कोसावर जीवराम नानांचं शेत होतं आणि शेतातच त्यांचं घर आणि तळं. नानांच्या वडिलांनी नाल्याला आडवा बांध घालून ते केलेलं. गुरांना प्यायला पाणी आणि उन्हाळ्यात चार वाफ्यांना ओल, एवढाच त्याचा उपयोग. त्यात मासे आले ते नानांच्या मुलामुळे, अभिमनमुळे. आणि अभिमन गेल्यावर ते जगवायचं काम येऊन पडलं कौतिकवर.

कौतिक नानांचा सालदार. त्याचा बापही त्याच घरी राबला होता. अभिमन आणि कौतिक एका उमरीचे, याच तळ्यात दोघं पोहायला शिकलेले. पुढे अभिमन धुळ्याला शिकायला गेला आणि कौतिक नांगरामागे लागला, पण सुट्टीत अभिमन आला की पहिल्यांदा कौतिकच्या झोपडीत डोकवायचा, मग घरी जायचा. देश स्वतंत्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी अभिमनचं लग्न झालं. मुलगी चाळीसगावची, सुनंदाबाई. शहरात वाढलेली, कमी बोलणारी.

लग्नानंतरच्या पावसाळ्यात अभिमनच्या डोक्यात माशांचं वेड शिरलं. बंगालकडून रोहू आणि कटल्याची पिल्लं आगगाडीनं येतात, ती तळ्यात सोडली की हातभर वाढतात, असं तो धुळ्यात ऐकून आला होता. नाना म्हणाले, आपण शेतकरी माणसं, हे भोयांचं काम. तरी मुलाचा हट्ट त्यांनी मोडला नाही. अभिमन आणि कौतिक भुसावळला गेले. केसासारखी बारीक पिल्लं मडक्यांत भरून दोघं सुरत लाईनच्या गाडीत बसले. पाणी स्थिर राहिलं तर पिल्लं गुदमरतील असं सांगितलेलं, म्हणून कौतिक दोंडाईचा येईपर्यंत मडक्यांत आळीपाळीनं हात फिरवत बसला होता. डब्यातली माणसं हसत होती. अभिमनही हसत होता.

पिल्लं जगली. वर्षभरात तळ्याकाठी उभं राहिलं की पाण्यात काळ्या पाठी फिरताना दिसू लागल्या. नाना आधी लांबूनच बघायचे. मग त्यांनाच गोडी लागली. संध्याकाळी उपरण्यात ज्वारीच्या लाह्या घेऊन यायचे आणि बांधावर बसून एकेक मूठ टाकायचे. मासे उसळले की लहान मुलासारखे खूश व्हायचे.

हिवाळ्यातली अडचण मात्र अभिमनला लवकरच कळली. पौषात आभाळ भरून आलं, वारा पडला, ऊन दिसेनासं झालं, की पाणी जड होतं. पहाटे मासे तोंडं वर काढून नुसते आ वासत राहतात. त्यावर उपाय एकच, पाणी हलवायचं, त्यात वारा मिसळायचा. अभिमननं तळ्यात लाकडी माचाण बांधलं. लांब बांबूला रुंद फळी ठोकली. त्या माचाणावर उभं राहून तो दिवस उजाडायच्या सुमाराला पाणी झोडायचा. फाड, फाड असा आवाज घरापर्यंत जायचा. शिवाय काठावर मोट लावली होती. बैल तळ्याचंच पाणी वर ओढायचे आणि ते भोकं पाडलेल्या पत्र्यावरून पुन्हा तळ्यात पडायचं, पावसासारखं. गावातले लोक म्हणायचे, नानांच्या पोरानं तळ्याचंच पाणी तळ्यात ओतायचा धंदा काढला.

चौथा हिवाळा अभिमनला लाभला नाही. दिवाळीच्या आधी मुदतीचा ताप आला. धुळ्याहून डॉक्टर आणला, औषध झालं, नवस झाले. बैलगाडीतून त्याला दवाखान्यात न्यायचं ठरलं त्याच सकाळी तो गेला. सुनंदाबाईच्या पदरात मूलबाळ नव्हतं. माहेरच्यांनी तिला न्यायला गाडी पाठवली. तिनं गाडीवानाला जेवू घातलं आणि गाडी रिकामी परत पाठवली. सासू केव्हाच गेलेली. नानांना भाकरी कोण करून घालणार, एवढंच ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात पहिल्यांदा आभाळ आलं तेव्हा कौतिकला कुणी काही सांगितलं नाही. तो आपणहून माचाणावर गेला आणि फळी उचलली. पहिला फटका पाण्यावर पडला आणि घरातून नाना धावत बाहेर आले, अनवाणी, डोक्याला काही नाही. बांधापर्यंत आले, कौतिकला बघितलं आणि तिथेच मटकन बसले. कौतिकला वाटलं, आपण चूक केली. त्यानं फळी खाली ठेवली. नानांनी हातानं खूण केली, चालू दे.

तेव्हापासून दर हिवाळ्यात हे काम कौतिकचं झालं. मासे विकायचे अभिमनचे बेत त्याच्याबरोबर गेले. नानांनी त्या तळ्यात जाळं टाकू दिलं नाही आणि घरात मासा शिजला नाही. मासे म्हातारे झाले, त्यांची अंगं मोठाली झाली.

मग एका भाद्रपदात नाना बैलपोळ्याचे दोर काढता काढता गोठ्यात पडले. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. सुनंदाबाईनं त्यांची खाट तळ्याकडच्या खोलीत हलवली. खिडकी होती, पण उंच. खाटेवरून आभाळच दिसायचं. तळं दिसत नसलं तरी ऐकू यायचं, आणि थंडी पडली तशी नाना रोज त्या आवाजाची वाट बघू लागले. कौतिक काम आटोपून खोलीशी आला की ते अडखळत विचारायचे, "मासा कसा शेतस?"

"बठ्ठा बरा शेतस, नाना," कौतिक सांगायचा, आणि मासे सगळे खरंच बरे असायचे.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. तळं निम्म्यावर आलेलं, खाली गाळ आणि कुजलेला पाला. पौषात आभाळ आलं ते हटेना. बारीक भुरभुर, धुकं, वाऱ्याचा पत्ता नाही. पहिल्या दिवशी मासे वर आले तेव्हा कौतिक घाबरला नाही, नेहमीचंच होतं. पण दिवस वर आला तरी ते खाली जाईनात. तेव्हा त्यानं मोटेला बैल जोडले आणि बायकोला, भिकुबाईला, धावेवर, मोटेच्या बैलांच्या उतारावर, उभं केलं. ती बैल हाकत होती, तो पाणी झोडत होता. सुनंदाबाई घरातलं आवरून आली आणि पदर खोचून काठावरचं पाणी घमेल्यानं उपसून उंचावरून ओतू लागली. घरधन्याची सून सालदाराच्या बायकोशेजारी चिखलात उभी राहिली, पण त्या दिवसांत तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बैल थकले की सोडायचे, दम घेऊ द्यायचा, पुन्हा जोडायचे. कौतिकच्या हाताला फोड आले, फुटले, त्यानं चिंध्या बांधल्या.

आभाळ उघडलं नाही. पाण्याला हिरवट काळा रंग चढला आणि गाळाचा वास सुटला. एका सकाळी कौतिक माचाणावर आला तेव्हा तळं पांढरं दिसत होतं. मोठाले मासे पोटं वर करून तरंगत होते, काठाला एकावर एक लागलेले. थोडे जिवंत होते, तोंड हलवत होते. कौतिक पाण्यात उतरला. एकेकाला दोन्ही हातांत धरून पुढे-मागे करत राहिला, मडक्यातल्या पिल्लांसारखं. दुपारपर्यंत तेही गेले.

सुनंदाबाई काठावर आली. तिनं सगळं बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "कौतिकभाऊ, मामंजींना कळू द्यायचं नाही."

कौतिक आणि भिकुबाईनं शेताच्या टोकाला खड्डे खणून मासे पुरले. वास लपत नव्हता. नानांनी विचारलं तेव्हा सुनंदाबाईनं सांगितलं की म्हशीचं रेडकू नाल्यात मरून पडलं होतं. तिनं खोलीत कडुलिंबाचा पाला जाळला, धूप घातला. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. दारात उभ्या असलेल्या कौतिककडे नानांनी मान वळवली आणि रोजचाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "बठ्ठा बरा शेतस, नाना." मग गोठ्यात जाऊन तो बैलाच्या मानेला धरून रडला. अभिमन गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता. तेव्हा तिरडी बांधायची होती, माणसं बोलवायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला आणि तळ्यावर गेला. झोडायचं काही कारण उरलं नव्हतं. पण खोलीत म्हातारा कान लावून पडला असेल हे त्याला ठाऊक होतं. त्यानं फळी उचलली. रिकाम्या पाण्यावर फटके मारू लागला.

भिकुबाईनं चार दिवस सोसलं. मग तिनं त्याला विचारलं, तळ्यात आता आहे काय, आणि हातांची ही गत करून पाणी कशाला झोडता? कौतिक म्हणाला, "नानाले आवाज लागस." तिनं पुन्हा विचारलं नाही. रोज संध्याकाळी हळद-तेल गरम करून त्याच्या तळव्यांना लावू लागली. गावात मात्र कुजबुज झाली. येणारा-जाणारा बांधावर थांबून बघायचा. कुणी म्हणे, सालदाराच्या डोक्यात फरक पडला. कौतिक ऐकून घ्यायचा, खुलासा करत नव्हता, कारण खुलासा फिरत फिरत नानांच्या कानावर गेला असता.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. तळं भरलं. थंडी पडली तसं पुन्हा फळी, पुन्हा पाणी. खोटं बोलायचीही सवय होते, पण कौतिकला झाली नाही. प्रश्न आला की दर वेळी त्याची नजर जमिनीकडे जायची. एकदा त्यानं ठरवलं, पांझरा नदीवरच्या भोयांकडून साधे मासे आणून सोडू. सुनंदाबाईनं विचार करून नको म्हटलं. ते मेले तर तुम्हांला पुन्हा पुरावे लागतील, म्हणाली.

मार्गशीर्षात एके दुपारी नानांनी हट्टच धरला. मला तळ्यावर न्या, लाह्या टाकायच्या आहेत. सुनंदाबाईनं थंडीचं निमित्त काढलं, वाऱ्याचं काढलं. नाना ऐकेनात, डाव्या हातानं खाटेची कड ठोकू लागले. शेवटी कौतिकनं गड्याला हाक मारली आणि दोघांनी खाट उचलून बांधावर नेली. सुनंदाबाई टोपलीत लाह्या घेऊन मागून चालत आली. रस्ताभर कौतिक मनात शब्द जुळवत होता आणि एकही जुळत नव्हता.

नानांनी डाव्या हातानं मूठभर लाह्या टाकल्या. त्या पाण्यावर पसरल्या आणि तशाच तरंगत राहिल्या. नानांनी दुसरी मूठ टाकली. पाणी हललं नाही. एक पाणकोंबडी लव्हाळ्यातून निघाली, दोन दाणे टिपून निघून गेली. नाना बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की कौतिक खाटेशेजारी खाली बसला. सुनंदाबाईनं तोंड फिरवलं होतं.

मग नाना म्हणाले, "थंडी शे आज. तळाले बठेल व्हतीन मासा."

कौतिकनं वर बघितलं. नानांचे डोळे भरलेले होते, पण ते पाण्याकडेच लावलेले. डावा हात चाचपडत कौतिकच्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला.

"पानीना आवाज बंद करू नको," ते सावकाश म्हणाले. "तो आवाज उना का अभिमन उठना असं वाटस माले."

उरलेल्या लाह्या सुनंदाबाईनं टाकल्या. दोघांनी खाट परत खोलीत नेली. त्यानंतर नानांनी माशांविषयी कधी विचारलं नाही. कौतिकही सांगेना. तो सकाळी पाणी झोडायचा आणि खोलीच्या दारात येऊन नुसता उभा राहायचा. नाना मान हलवायचे. तेवढ्यानं दोघांचं भागायचं.

माघ संपायच्या आत नाना गेले. सकाळचीच वेळ होती, कौतिक माचाणावर होता. सुनंदाबाई बांधावर येऊन उभी राहिली आणि तिनं हात वर केला. कौतिकनं फळी आवरली. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं.

दिवसवार झाले, पाहुणे पांगले. सुनंदाबाई माहेरी जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती राहिली. शेत तिनं अंगावर घेतलं. पावसाळा तोंडावर आला तेव्हा तिनं कौतिकला बोलावून विचारलं, भुसावळहून पुन्हा पिल्लं आणायची का? ह्यांची आठवण राहील. तुम्ही असाल तर होईल.

कौतिक बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. त्या घराला त्यानं आजवर कशालाही नाही म्हटलं नव्हतं.

"आते माले जमाव नही, वहिनी," तो म्हणाला.

ती समजली. त्या पावसाळ्यात तळं भरू दिलं नाही. बांध तिनं कौतिककडूनच फोडून घेतला. त्यानं कुदळीनं वाट करून दिली, पाणी नाल्यानं निघून गेलं, आणि मागे उरलेल्या काळ्या गाळात तिनं मिरची लावली. पीक जोमदार आलं. पहिल्या तोड्याची टोपली तिनं स्वतः डोक्यावर घेऊन कौतिकच्या दारात नेली. भिकुबाईनं तिला पाट दिला, पाणी दिलं. सुनंदाबाई पाटावर बसली आणि अभिमन गेल्यापासून आवरून धरलेलं सगळं त्या झोपडीत बाहेर आलं. ती ढसाढसा रडली. भिकुबाईनं तिला जवळ घेतलं. कौतिक बाहेर ओट्यावर बसून होता. त्यानं डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला आणि आतलं रडणं थांबेपर्यंत तो जागचा हलला नाही.