कमी केलेलं नाव

नंदाने नवऱ्याचं नाव रेशनकार्डावरून स्वतःच कमी करून घेतलं होतं. सीताराम दुकानातल्या मशीनवर अंगठा लावायचा, महिन्याचा गहू-तांदूळ उचलायचा आणि बिबवेवाडीच्या चौकापर्यंत येईतो त्याची दारू झालेली असायची. नाव गेलं, अंगठा निकामी झाला आणि घरातला पिठाचा डबा महिनाअखेरपर्यंत टिकू लागला.

एके काळी हाच सीताराम हडपसरच्या आयटी पार्कात कॅब चालवायचा, एक मिनिट उशीर करायचा नाही. गाडी सुटली ती दारूपायी. नंदा त्याच पार्कातल्या कँटीनमध्ये अजून पोळ्या लाटत होती.

बुधवारी सकाळी तो उंबऱ्यात बसून म्हणाला, "नंदा, मला कुठंतरी भरती कर."

हे वाक्य ऐकायला तिने नऊ वर्षं वाट पाहिली होती. तिने पुन्हा विचारलं नाही. तासाभरात दोघं सरकारी दवाखान्याच्या व्यसनमुक्ती वॉर्डात होती.

तिथल्या समाजसेविका चैताली मॅडमनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "खाट आहे. पण मोफत उपचाराला कार्डावर पेशंटचं नाव लागतं. यांचं नाहीये."

"मीच काढलं."

"का?"

नंदाने सांगितलं. मॅडमनी कार्ड परत तिच्या हातात दिलं. "नाव चढवल्याची पावती आणा, तेवढी चालेल. उद्या तीनपर्यंत खाट धरते, त्यापुढे मला धरता येणार नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर द्या. दारू तुटल्याने फीट आली तर पावतीबिवती सोडा, तसंच घेऊन या."

गुरुवारी दहाला दोघं पुरवठा कार्यालयाच्या रांगेत उभी होती. सीतारामचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. एकदा तो रांगेतून हळूच सरकला.

"अहो, इकडं," नंदा म्हणाली. आवाज चढवला नाही, फक्त पिशवीचा एक बंद त्याच्या हातात दिला. तो पुन्हा रांगेत आला.

खिडकीतल्या कारकुनाने तिला ओळखलं. "गेल्या वर्षी कमी करायला आलात, आता वाढवायला. पुढच्या वर्षी पुन्हा दर्शन द्याल?"

"लागलं तर येईन. अर्ज पाठ झालाय."

"मग हे आधी ठरवून यायचं ना, बाई."

"साहेब, प्यायचा परवाना दारूच्या दुकानात उभ्या उभ्या मिळतो. सोडायचं म्हटलं तर तुमची खिडकी लागते. लावा मशीन."

मागे कुणीतरी हसलं. कारकुनाने मशीन पुढे सरकवलं. सीतारामचा अंगठा इतका थरथरत होता की मशीन तो घेईना. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"उद्या या," कारकून म्हणाला.

"उद्या नाही," नंदा म्हणाली. तिने पदराने त्याचा अंगठा कोरडा केला, मनगट धरलं आणि पोळपाटावर गोळा दाबावा तसा तो काचेवर दाबून ठेवला. मशीन वाजलं.

पावती घेऊन दोघं बाहेर पडली. बसस्टॉपवर सीताराम खाली बघत म्हणाला, "अंगठा पुन्हा चालू झाला माझा. भीती नाही वाटत?"

"वाटते," ती म्हणाली आणि कार्ड त्याच्याच खिशात घातलं. "सांभाळा. वॉर्डात तुम्हालाच दाखवायचंय."

बस आली तेव्हा दोन वाजायला आले होते.