विंटर लूकसाठी भरलेल्या बांगड्या

गेल्या शनिवारी आम्ही तिघी मैत्रिणी वसमतकडच्या एका वेलनेस फार्मवर गेलो. दोन दिवसांचं पॅकेज... योगा, हळदीचा लेप, मोबाईल शक्यतो बंद. सहामाहीचे पेपर तपासून माझी मान धरली होती, त्यामुळे मला हे फारच हवंसं वाटत होतं.

खोटं कशाला सांगू, पहिला अर्धा दिवस सुखाचा गेला. हळदीच्या शेताच्या कडेला खुर्च्या, अंगावर ऊन, आणि पायांना लेप लावायला जमनाबाई (नाव बदललंय). शेजारच्या बंजारा तांड्यावरच्या, पन्नाशीच्या. माझ्या टाचा बघून म्हणाल्या, "ताई, दिवसभर उभ्यानंच शिकवता वाटतं? पोरं तरी बसतेत का?"

दुपारी 'फोटो कॉर्नर' होता. यंदाच्या थंडीत आरसेकाम, कवड्या, जाड घागरे यांची फॅशन आहे म्हणे. तिथली मॅनेजर रिया, पुण्याहून आलेली पोरगी, आम्हाला फोटोपुरते घागरे घालायला देत होती. जमनाबाईंना मध्ये बसवलं होतं, त्यांच्या स्वतःच्या कपड्यांत... कारण त्या 'ऑथेंटिक'.

मग रियानं एक डबा उघडला. त्यात कोपराच्या वर भरायच्या पांढऱ्या बांगड्या होत्या. "मावशी, यांच्याशिवाय लूक पूर्ण होत नाही."

जमनाबाईंनी हात ओढणीखाली घेतले. "मला चालत न्हाई माय. मालक गेले तवाच उतरवल्या. नवरा असला तरच कोपराच्या वर भरतेत आमच्यात."

रियानं डबा मिटायला घेतला. विषय तिथेच संपला असता... संपू दिला नाही तो मी.

मी बोलले. नुसती बोलले नाही, भाषणच दिलं. नवरा गेला म्हणून बाईनं काय काय सोडायचं, काळ किती बदललाय, मावशी तुम्हीच पहिलं पाऊल उचला... मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. जमनाबाई तीनदा "न्हाई" म्हणाल्या. चौथ्यांदा म्हणाल्या नाहीत, एवढंच. त्याला मी होकार समजले.

बांगड्या भरल्या, त्यांना मध्ये घेऊन आमचा फोटो निघाला. फार्मच्या पेजवर 'तांड्याची राणी, विंटर लूक' म्हणून गेला. मोबाईल बंद ठेवायचा असूनही मी तो माझ्या वॉलवर टाकला, प्रथा मोडणाऱ्या स्त्रीबद्दलच्या चार गहिवरलेल्या ओळींसकट. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी त्यावर हार्ट टाकलं.

रविवारी सकाळी जमनाबाई आल्या त्या थेट रियाकडे. मी बाजूलाच नाश्त्याला बसले होते. त्याच दुपारी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. आणि दिराने तो फोटो तांड्यावर सगळ्यांना दाखवला होता.

"दीर म्हणून राहिला, वहिनी, पोरीच्या आधी तूच लगीन उरकून घेतलं व्हय? आमाला जेवायला बी बोलावलं न्हाई! समदे हसून राहिले. पाहुण्यांनी बघायच्या आत तेवढं काढ माय."

"मावशी, आपला सगळ्यात जास्त चाललेला फोटो आहे तो. दोन दिवसांनी बघू."

"दोन दिवसांनी काहून? पाहुणे आज येऊन राहिले."

"आम्ही तुमचं कल्चर प्रमोट करतोय हो. यात लाजण्यासारखं काय आहे?"

माझं डोकंच फिरलं. उठून गेले आणि रियाला काय वाटेल ते बोलले. कपडे यांचे, चेहरा यांचा, तांडा यांचा... आणि फोटो पेजवरून काढायचा की नाही ते ठरवणार तुम्ही?

रियानं शांतपणे ऐकून घेतलं. "पण मॅडम, त्यांना तयार तर तुम्हीच केलंत."

मी तो मुद्दाच सोडून दिला. शेवटी म्हटलं, त्या फोटोत मीही आहे आणि माझी परवानगी नाही. "सॉरी मॅडम," म्हणत तिनं मिनिटभरात तो काढला. जमनाबाई एवढा वेळ हात जोडून उभ्या होत्या, त्याला किंमत शून्य... आणि पैसे भरून आलेल्या बाईची नुसती तक्रार पुरली. हे आठवलं की अजून संताप होतो.

लढाई जिंकल्यासारखी मी जमनाबाईंकडे वळले. त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या फोनकडे होतं.

"ताई, तुमचा बी काढा. दिराकडं तुमचाच आलाय... वर कायबाय लिवलेलं."

तर, बरेच जण विचारताय तो फोटो का दिसत नाही... म्हणून.

ती प्रथा मला आजही चूकच वाटते. पण ती मोडायची की नाही, कधी, कुणासमोर, हे ठरवायला जमनाबाई होत्या. परिणाम त्यांच्या घरात होणार होते, माझ्या नाही. मी एका फॅशनच्या फोटोसाठी त्यांचा हात वापरला आणि त्याला सुधारणा म्हटलं. हे लिहून आता काय साधतंय, असंही मनात आलं... म्हणून आधी त्यांना फोन करून विचारलं. "लिव्हा," म्हणाल्या, "पर माझं नाव न्हाई अन् फोटू न्हाई."

पाहुणे चहा पिऊन गेलेत. हो-नाही काहीच बोलले नाहीत, अजून निरोप नाही. तेव्हा ज्यांनी कुणी तो फोटो शेअर केलाय, ग्रुपवर पाठवलाय, त्यांना हात जोडून सांगते, आत्ता काढा. 'चांगला संदेश आहे' म्हणून ठेवू नका.

फोन ठेवताना जमनाबाईंनी टाचांना लेप लावत राहायला सांगितलं. एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत... बोलायला हवं होतं त्यांनी.