तीनशे एकवीस टप्पे

जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर कापड्याच्या वरच्या वाडीतले आमचे कंडक्टरकाका विमानवाल्यांपेक्षा बरोबर सांगतात, हे मी लिहून द्यायला तयार आहे. काका स्वतः जन्मात विमानात बसलेले नाहीत. बत्तीस वर्षं घाटात तिकिटं फाडली. तिकिटाचा एक टप्पा सहा किलोमीटरचा, म्हणून त्यांचं सगळं जगच सहा-सहाने मोजलेलं. मुलगी दुबईला नर्स झाली तेव्हा शाळेतून नकाशा मागून आणला, त्यावर दोरा ताणला आणि जाहीर केलं : मुंबई ते दुबई तीनशे एकवीस टप्पे, तीन तास. "मधी चहाला थांबत नाय, म्हणून जमतं," असा खुलासाही केला. मग मस्कत झालं, नागपूर झालं. एका लग्नात नवरदेव सिंगापूरला असतो असं कळताच नवरीच्या आईला "साडेसहाशे टप्पे हायत गो" सांगून भर पंगतीत रडवलं.

मला या माणसाचा भयंकर राग यायचा. दरड कोसळली म्हणून बंद झालेली वाडीची दुपारची गाडी दरड उचलून दोन पावसाळे गेले तरी सुरू नाही, मी सह्यांसाठी दारोदार फिरतोय, आणि हे गृहस्थ आभाळात बघत घड्याळ लावतायत! मार्चमध्ये चवदार तळ्यावर मी पत्रकं वाटत होतो, तर काका शेजारी उभं राहून नागपूरहून आलेल्यांना ते विमानाने किती वेळात पोचले असते ते सांगत होते. वर माझं पत्रक तपासलं. "निर्लज्ज, अमानुष, सगळं लिवलंस रे. पण गाडीचा टाइम कुठं हाय?" बंद गाडीला कसला टाइम, असं मी फटकारलं. काका पायरीवर बसून उरलेल्या प्रत्येक पत्रकावर बॉलपेनने लिहीत गेले : पोलादपूर सुटणार ३.१०.

दिवाळीनंतर काकूंनी अंथरूण धरलं. मुलगी मिळेल त्या विमानाने निघाली. काका उशाशी बसून काकूंना सांगत होते, आता समुद्रावर असेल, आता मुंबई आली. तीनला मुलगी पोलादपुरात उतरली. गाडी असती तर आरामात मिळाली असती. वरच्या रस्त्याला रिक्षा येत नाही. पोरगी बॅग घेऊन चालत निघाली. साडेपाचला काकू गेल्या. ती सहाला पोचली.

पुढच्या महिन्यात आम्ही एसटीच्या कचेरीत गेलो. मी अर्धा तास तोफ डागली. साहेब फाइल चाळत होते. शेवटी त्यांनी काकांना विचारलं, "आजोबा, तुमचं काय?"

"साहेब, पोर तीनशे एकवीस टप्पे वेळेत आली," काका म्हणाले. "शेवटच्या दोन टप्प्यांना चुकली."

साहेबांनी फाइल मिटली. म्हणाले, अर्ज ठेवून जा. अर्ज अजून तिथेच आहे, आणि मला अजून चीड येते. नव्या पत्रकातून मात्र मी माझी सगळी विशेषणं काढून टाकली. काकांची दोन वाक्यं ठेवली, खाली गाडीचा टाइम.

परवा दुपारी काका वाडीच्या थांब्यावर एकटेच दिसले. मीही टेकलो. वरून विमान गेलं. "दुबईचं," काका घड्याळ बघून म्हणाले, "टायमात हाय." मग तीन-दहा झाले. गाडी पोलादपूरहून सुटून इथवर यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसून राहिलो.