मायचा कोरडा अंबाडा

आमच्या बाप्टिस्ट मंडळीचा इतिहास मी लिहिला आहे, आणि तो सगळा पाण्याचा आहे.

कारण असं, की बाप्तिस्म्याला बाकीच्या ख्रिस्ती लोकांचं ओंजळभर पाण्यात भागतं. आमच्यात मोठं झाल्यावर, समजून-उमजून, अख्खा माणूस पाण्याखाली घालावा लागतो. आता आमच्या देवगाव फाट्याच्या भागात एवढं पाणी वर्षातून कितीदा दिसतं, ते विचारू नका. (आमच्या पूर्वजांनी पंथ निवडताना पावसाची चौकशी केलेली दिसत नाही.) म्हणून जुन्या वहीत प्रत्येक नावापुढे पाण्याचा पत्ता आहे. कुणी पाटलाच्या विहिरीत, कुणी कालव्यात, कुणी ओढ्याच्या डोहात. एकापुढे शेरा आहे, 'गुडघाभरच होते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा'.

या वहीत माझ्या मायचं नाव नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळीनं वाटून खायची भाकर तीच भाजते, पण बाप्तिस्मा झाल्याशिवाय ती खाता येत नाही. एकदा तिचा नंबर लागला तर विहीर आटली. एकदा कालव्याला पाणी सुटलं तर नेमका मी जन्मलो. पुढे गुडघे धरले. चाळीस वर्षं तिनं भाकर भाजली, ताट पुढे सरकवलं आणि मागं सतरंजीवर जाऊन बसली. मला फार वाईट वाटायचं. वाईट वाटण्यापलीकडे मी काही केलं नाही, हेही खरं.

यंदा मंडळीच्या वर्धापनदिनाला इतिहासाची पुस्तिका काढायची ठरली. माय म्हणाली, "समद्यांचं लिवलंस. आता मी मरायच्या आधी मला बुडवा."

"माय, हिरीत नुसता चिखल हाय."

"मग तुला इतकं शिकवलं कशाला?"

हे लागलं मला. शेजारचे ज्ञानोबादादा नुकतेच ऊसतोडीहून परतले होते, त्यांची ट्रॉली रिकामी उभी होती. आत ताडपत्री अंथरायची, सेलूहून टँकर आणून भरायची, झाला हौद! गावात माझं इतकं कौतुक झालं, की मी बाप्तिस्म्याचा परिच्छेद आदल्या दिवशीच लिहून ठेवला. 'सोहळा निर्विघ्न पार पडला.'

रविवारी उपासनेनंतर सगळं गाव ट्रॉलीभोवती जमलं. पाळकसाहेब कंबरभर पाण्यात उभे. माय पांढरं लुगडं नेसून, शिडीवरून कण्हत-कण्हत आत उतरली. तेवढ्यात मला दिसलं, की ट्रॉलीचं मागचं दार, ज्याला फाळका म्हणतात, तिथून पाणी ठिबकतंय. इतिहासकाराला गप्प बसवेना. फाळक्याची खिट्टी घट्ट बसावी म्हणून मी खालून दगडानं ठोकली.

खिट्टी वरून ठोकायची असते.

"पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं," असं म्हणत पाळकसाहेबांनी मायला मागं झुकवलं, आणि फाळका पडला. टँकरभर पाणी, ताडपत्री, पाळकसाहेब आणि माय, सगळं याच क्रमानं माझ्या अंगावर आलं.

"माय, लागलं का गं?" मी चिखलातून विचारलं.

"मला काय लागायलंय? मी तुझ्यावर बसलेय."

लोक हसायला लागले. आमचे ज्येष्ठ कारभारी योहानकाका मात्र हसले नाहीत. त्यांनी मायभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "तोंडावरून पाणी गेलं. अंबाड्याचं सांगता येत न्हाई."

"अहो काका, भिजलीय की सगळी!" मी म्हणालो.

मायनं हात मागं नेला, अंबाडा चाचपला. "कोरडा हाय," ती म्हणाली. खोटं बोलली असती तर कुणी तपासलं नसतं. पण नाही बोलली. तिचा चेहरा एवढासा झाला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचा टँकर आठ दिवसांनी होता, प्रभुभोजन आत्ता होतं.

मग ज्ञानोबादादा म्हणाले, "आमच्या सप्त्याची काहील हाय देवळात. आमटीची. म्हातारी मावंल तिच्यात."

चौघांनी काहील उचलून आणली. पण पाणी? ज्ञानोबादादांच्या बायकोनं घरातली घागर आणून ओतली. मी म्हणालो, "वहिनी, प्यायचं पाणी हाय हो."

"असू द्या. म्हातारी किती दिस ताटकळायलीय."

मग एकेक करत सगळ्या गल्लीनं घागरी आणल्या. ज्यांना बाप्तिस्मा म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांनीही आणल्या. माय काहिलीत बसली, पाळकसाहेबांनी तिला अलगद मागं निजवलं, आणि योहानकाका वाकून बघत राहिले, शेवटचा केस बुडेपर्यंत. "झालं," ते म्हणाले. मी रडलो. (भिजलेला होतोच, कुणाला कळलं नाही.) पाण्याला मागच्या सप्त्यातल्या मसाल्याचा मंद वास होता.

ओल्या लुगड्यानिशी माय पहिल्यांदा पुढच्या सतरंजीवर बसली. ताट तिच्यापुढे आलं. तिनं स्वतःच भाजलेल्या भाकरीचा तुकडा तोंडात घातला. सगळी मंडळी बघत होती. मायनं सावकाश चावलं, गिळलं आणि माझ्याकडे वळली.

"मीठच न्हाई की रे हिच्यात! चाळीस वर्सं झाली, एकानं सांगू नये?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतिहासकार असूनही मला आजवर वाटत होतं, की पवित्र भाकर अळणीच असते.