शेवटपर्यंत जिवंत

आमच्या भाडेकरूइतक्या वेळा मेलेलं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. विषाने मेली, बोटीवरून पडून मेली, नवऱ्याने जिन्यावरून ढकलल्यामुळे मेली आणि एकदा तर मालिकेचं नाव पडद्यावर यायच्या आधीच मेली. वय अवघं अठ्ठावीस. रंगाने पांढरीफटक, प्रेत म्हणून शोभेल अशी, आणि तिथेच तिचं नशीब फिरलं. इंग्लंडात एकोणिसाव्या वर्षी एका घरगुती मालिकेत लागली, दोन वर्षं जरा नाव झालं, मग करार संपला तेव्हा लेखकांनी तिला ट्रकखाली घातली. ती म्हणे इतकी सुरेख मेली, की तेव्हापासून जो तो तिला मारायलाच बोलवू लागला. न्यूझीलंडलाही ती मरायलाच आली होती. इकडे परदेशी मालिकांची शूटिंगं होतात, त्यातल्या एकीत नायिकेची बहीण होऊन आली, तिसऱ्या भागात दरीत पडली आणि मग परत जायचं सोडून सँडरिंगहॅम नावाच्या उपनगरात आमच्या मागच्या अंगणातल्या खोलीत राहायला आली. त्या खोलीला इकडे स्लीपआउट म्हणतात.

मी पुण्याहून मुलाकडे आलेली. तो सकाळी माउंट वेलिंग्टनला ऑफिसात, सून तिच्या कामावर, नात शाळेत. दिवसभर घरात मी आणि अंगणात ही. मुलाच्या मित्रांचं ऐकून तीही मला काकू म्हणायची. आमचं बोलणं माझ्या टेलिफोन खात्यातल्या इंग्रजीत चालायचं, पण अडलं कधीच नाही. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते, तर बाई हिरवळीवर उताण्या, डोळे सताड उघडे, एक जँडल, म्हणजे इकडची रबरी चप्पल, पायात आणि दुसरी कुंपणापाशी. हातातलं लाटणं टाकून मी बोंबलत धावले. तर प्रेत मान वळवून म्हणतं, "सॉरी काकू, हात असा बरा दिसतो की असा?" आता काय बोलणार, कपाळ! मी म्हटलं, असा. पुढे पुढे पोळ्या लाटतालाटता मीच खिडकीतून ओरडायची, "अगं, श्वास दिसतोय!"

खाण्यापिण्यात तर नुसता आनंदीआनंद. माझ्या खमंग थालीपिठाला ती कसलंसं काळं, खारट चाटण फासायची आणि वर "हीप्स बेटर", म्हणजे कितीतरी छान, असं म्हणायची. स्वतःचं काम टीव्हीवर लागलं की आम्हा सगळ्यांना सोफ्यावर बसवून स्वतः बाहेर कपडे वाळत घालत बसायची आणि दाराशी येऊन विचारायची, "मेले का मी?" एकदा आम्ही मेन रोडवर मिठाई घ्यायला गेलो, तर दुकानदार तिच्याकडे टक लावून बघायला लागला. "तुम्ही त्याच ना, बोटीवरून पडलेल्या?" त्याने तिला चार जिलब्या फुकट दिल्या. तिने त्या घरी आणून बशीत मांडल्या, दोन दिवस नुसत्या पाहिल्या आणि तिसऱ्या दिवशी कडक झालेल्या खाल्ल्या. त्या पोरीचं सगळं यश म्हणजे त्या चार जिलब्या, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

हल्ली नटनट्यांना परीक्षा द्यायला कुठे जावं लागत नाही. घरीच फोनसमोर उभं राहून प्रसंग करायचा आणि पाठवून द्यायचा. त्याला ती टेप म्हणे. मागे साधा पडदा लागतो, म्हणून माझी एक बिनबुट्ट्यांची निळी साडी तिच्या भिंतीला कायमची टाचलेली. समोरच्या पात्राची वाक्यं मात्र कुणीतरी फोनच्या मागे बसून वाचावी लागतात, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. मी तिचा प्रियकर झाले, इन्स्पेक्टर झाले, दोनदा खुनी झाले. तीस वर्षं ट्रंक कॉल जोडलेली बाई मी. माझा आवाज कशानेही हलत नाही. मुलगा म्हणायचा, "आई, तू खून करतेयस की चौकशीच्या खिडकीवर बसलीयस?"

पण पहिल्याच टेपला मी घोळ घातला. ती एका आईचं काम करत होती, जिचं मूल गेलेलं असतं. माझं पुढचं वाक्य होतं, 'सही इथे करा.' आणि ही अशी काही रडायला लागली की मला राहवेना. कागद ठेवला, आत गेले, गूळ घालून तांब्याभर पाणी आणलं आणि सरळ फोनसमोर जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "उगी, उगी, पाणी पी आधी." ती आधी थक्क झाली आणि मग हसून हसून खाली बसली. पाणी मात्र सगळं प्यायली. त्यानंतर तिने मला नियम घालून दिला: ती कितीही रडली तरी ती 'कट' म्हणेपर्यंत मी उठायचं नाही. नियम म्हणजे नियम. टेलिफोन खात्यात माझी त्याबद्दल ख्याती होती.

टेपा जात राहिल्या, नकार येत राहिले. बहुतेकदा नकारसुद्धा येत नसे. व्हिसा संपत आला. इंग्लंडात तिची आई समुद्राकाठच्या एका लहानशा गावात राहते, तिने दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायची नोकरी ठरवून ठेवलेली. आणि अशात एक काम आलं. लहान गावातली डॉक्टरीण, पूर्ण मालिकाभर. ही शेवटचं पान आधी वाचायची सवय असलेली. ते वाचून अनवाणीच धावत स्वयंपाकघरात आली. "काकू, मी जिवंत आहे! शेवटच्या भागात मी चहा पितेय!" हे मिळालं तर कंपनी व्हिसा वाढवून देणार होती, नाही तर तिच्या लेखी ही शेवटची टेप. आम्ही ती एकोणीस वेळा घेतली. मी गणपतीला साकडंही घातलं. पहिली फेरी पार पडली, दुसरी पडली, तिसरीत दिग्दर्शकाने स्वतः फोनवर तासभर बोलून घेतलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथे एकही विघ्न येईना. मी मनातल्या मनात पेढ्यांची ऑर्डर देऊन टाकली.

मंगळवारी दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. स्लीपआउटमधून रडणं ऐकू आलं. मला वाटलं, चौथ्या फेरीची तालीम. मी चिमटे हातात धरून उभी राहिले. आणि काय सांगू, मी चक्क दाद देत होते! हुंदका छान लागलाय, पण जरा लांबतोय, असं मनात म्हणाले. 'कट'ची वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. मग आत गेले आणि कुकर लावला.

संध्याकाळी ती आली ती सुजलेले डोळे घेऊन. काम दुसरीला गेलं होतं. "त्यांना मी खूप आवडले म्हणे," ती म्हणाली. मी म्हणाले, "अगं, मग दुपारी..."

"तुम्ही बाहेर होतात ना? दोरीवर चिमट्यांचा आवाज येत होता." ती टेबलावर सांडलेली कणीक बोटाने गोळा करत राहिली. "मला वाटलं, पाणी घेऊन याल."

माझ्या जिवाची नुसती लाही झाली. काय तो मेला नियम!

तीन आठवड्यांनी तिला विमानतळावर पोचवायला मीही गेले. मुलगा तिची बॅग घेऊन पुढे गेला. ती माझ्याकडे वळून हसली आणि म्हणाली, "आय ॲम फाइन, काकू. स्वीट ॲज." इकडे 'अगदी झकास'ला असं म्हणतात. इतकी मरणं पाहिली मी तिची, पण इतका वाईट अभिनय तिने कधी केला नव्हता. मी पिशवीतून स्टीलची बाटली काढून तिच्या हातात दिली. आत पाणी नेऊ देत नाहीत, म्हणून तिने गुळाचं पाणी तिथेच, दारात उभं राहून, शेवटच्या घोटापर्यंत संपवलं. रिकामी बाटली मला परत दिली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

निळी साडी अजून त्या भिंतीला आहे. सून म्हणते, नवीन भाडेकरू यायचेत, काढा आता. काढीन. पण ते पाणी मंगळवारी द्यायचं होतं.