पांढऱ्या भिंतीपुढे आबिदा

सौदी अरबस्तानातल्या कतीफच्या मासळी बाजारामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात, आबिदा होडेकर रोज दुपारच्या असरच्या नमाजानंतर घरातल्या गाऊनवर काळा पायघोळ अबाया चढवायची, डोक्याला काळा रुमाल बांधायची आणि बैठकीच्या खोलीतल्या मोकळ्या पांढऱ्या भिंतीपुढे जाऊन उभी राहायची. बाहेर कुठे जायचं नसे. समोर सोफ्यावर तिचा नवरा मोहियुद्दीन बसलेला असे. तो डोकं सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवी, पुन्हा उजवीकडून डावीकडे आणी, आणि मग म्हणे, "आलीस गो?"

"आले," ती म्हणायची. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप असे.

मोहियुद्दीन मूळचा बाणकोटचा. विशीत कतीफला आला आणि एका मासळीच्या दुकानात लागला. बाजार संध्याकाळनंतर भरायचा, आणि त्याला अंधार पडला की कमी दिसायचं. टोपल्यांच्या ठेचा लागायच्या, तर तो हसून स्वतःलाच धांदरट म्हणायचा. पुढे दिवसाचीही नजर कडेकडेने मिटत गेली. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांचा पडदा झिजतोय, औषध नाही. शेवटी शेवटी त्याला नळीतून पाहावं तसं दिसे. आबिदा जवळ बसली की तिचं नुसतं नाक दिसायचं, नाहीतर नुसती हनुवटी. ती अख्खी दिसायला हवी असेल तर लांब जावं लागे. तिच्या भावाच्या लग्नात बाणकोटला तो जेवणं सोडून मांडवाच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला होता. "तिथे काय करताय एकटे?" तिने येऊन विचारलं, तर म्हणाला, "तू जा परत तिकडे. इथून पुरी दिसतेस." तिने त्या दिवशी जांभळा रेशमी ड्रेस घातला होता. त्यानंतर वर्षभरात ती नळीही बंद झाली.

त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या जामिनावर तो तिथे होता तो मालक, भला माणूस. त्याने इकामा, राहण्याचा परवाना, चालू ठेवला आणि मोहियुद्दीनला दुकानात फोनवर बसवलं. हामूर किती, कोळंबी किती, कुठल्या घरी पाठवायची, हे तो तोंडपाठ सांभाळायचा. मग काही वर्षांनी दम्मामच्या एका इस्पितळात परदेशी बनावटीचा यांत्रिक डोळा बसवायला माणसं निवडली गेली, त्यांत त्याचा नंबर लागला. डोळ्याच्या आत, पडद्यावर नखापेक्षाही लहान पट्टी बसवली. वर चष्मा, चष्म्यात कॅमेरा, कमरेच्या पट्ट्याला एक डबा, आणि सगळ्यांना जोडणारी तार. आबिदाला वाटलं होतं, बँडेज सोडलं की तो तिला पाहील. बँडेज सोडलं, आणि तो म्हणाला, "काजवे दिसतायत."

उजेडाचे थोडे ठिपके, बस्स. रंग नाही, चेहरा नाही. डोकं फिरवत फिरवत त्या ठिपक्यांचा अर्थ लावायला त्याला महिनेच्या महिने लागले. पण लागला. खिडकी कळायला लागली, दाराची चौकट कळायला लागली. घराबाहेर बायका आणखी चांगल्या कळायच्या, कारण उन्हात काळे अबाये उठून दिसत. त्यातूनच तो घोळ झाला. मॉलमध्ये तो आबिदा समजून एका परक्या बाईच्या मागे मागे पार पादत्राणांच्या दुकानापर्यंत गेला आणि तिला म्हणाला, "जरा हळू चाल ना गो." बाई ओरडली, पहारेकरी धावला. आबिदाने हात जोडून, मोडक्या अरबीत त्याची सुटका केली. मुलगी उमामा तेव्हा कॉलेजात होती, तीही बरोबर होती. घरी येईपर्यंत ती हसत होती. "अब्बा, यू फॉलोड द राँग आंटी!"

"सगळ्या एकसारख्याच, तर मी काय करू?" मोहियुद्दीन म्हणाला. हसला तोही, पण त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी आबिदाने बैठकीतल्या भिंतीवरचं कॅलेंडर, घड्याळ, मक्केचं चित्र, सगळं काढून दुसऱ्या खोलीत लावलं. अबाया घातला आणि भिंतीपुढे उभी राहिली. "आता बघा. इथे दुसरी कुणी आंटी नाही."

त्याने डोकं फिरवलं. एकदा, दोनदा. उजेडाच्या ठिपक्यांमध्ये माणसाएवढी काळी जागा होती. ती जागा हलली. हात वर झाला.

"तू हात वर केलास," तो म्हणाला. तेव्हापासून आबिदा रोज उभी राहत आली.

यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आबिदाने अबाया धुऊन बाल्कनीत वाळत घातला होता. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि सवयीने भिंतीपुढे थांबली. अंगावर फिकट गाऊन होता. 'थांबा, आज अबाया ओला आहे,' असं ती म्हणणार, तोच मोहियुद्दीनचं डोकं फिरायला लागलं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

"आलीस गो? आज अगदी ठळक दिसतेस."

आबिदाने त्याच्या कमरेच्या डब्याकडे पाहिलं. दिवा जळत होता. रात्री तीच तो चार्जिंगला लावत असे.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"अबाया बाल्कनीत आहे. मी गाऊनमध्ये उभी आहे."

त्याचं डोकं थांबलं.

"रमजानपासून काजवेही नाहीत," तो म्हणाला.

"आणि मी येडी रोज तो चढवून उभी! ह्या उकाड्यात!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

"म्हणजे?"

"सांगितलं असतं तर उभी राहिली असतीस?" तो म्हणाला. "तू यायचीस, कापड सळसळायचं, मग गप्प उभी राहायचीस. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यापुढे एवढा वेळ गप्प कधी उभी होतीस तू?"

तिला हसू आलं आणि ती तोंडावर पदर धरायला गेली, तर गाऊनला पदर कुठला.

शनिवारी उमामाने गाडी काढली आणि तिघं दम्मामच्या इस्पितळात गेली. डॉक्टर तरुण होते, हिंदीत बोलत होते. त्यांनी चष्मा उलटासुलटा करून तपासला. तार आतून तुटली होती. ती बदलायला हवी होती, आणि बनवणाऱ्या कंपनीने हा डोळाच बनवायचा बंद केला होता. शिल्लक ठेवलेले सुटे भाग मागेच संपले होते.

"मग दुसरा?" उमामाने विचारलं.

"नवी यंत्रं तयार होतायत. डोळा वगळून थेट मेंदूशी जोडणारी. प्रयोग चालू आहेत. आणखी काही वर्षं जातील. अंकलचं वय बघता मी शब्द देत नाही."

"त्यात रंग दिसतील?" आबिदाने विचारलं. 

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना अपेक्षित नसावा. "आज तरी सांगता येत नाही, आंटी."

"आणि ह्यांच्या डोळ्यातली ती पट्टी?"

"राहू द्या. काढायची तर पुन्हा ऑपरेशन. तिचा काही त्रास नाही."

परतताना मागच्या सीटवरून मोहियुद्दीन म्हणाला, "म्हणजे ती माझ्याबरोबर कबरीतच येणार. फरिश्ते विचारतील, हे काय आणलंस रे?"

"अब्बा, प्लीज," उमामा म्हणाली. तिचे डोळे रस्त्यावरच होते, पण ती डोळ्यांची उघडझाप करत होती.

घरी आल्यावर आबिदाने चष्मा आणि डबा पुसला, तार गुंडाळली आणि सगळं त्याच्या पेटीत ठेवलं. असर झाली. ती बैठकीत आली. अबाया खुंटीला होता. तिने तो घेतला नाही, ती भिंतीपुढेही उभी राहिली नाही. सोफ्यावर नवऱ्याच्या शेजारी येऊन बसली.

मोहियुद्दीनने चेहरा तिच्याकडे वळवला. आता डोकं फिरवायचं कारण नव्हतं.

"काय घातलंयस?" त्याने विचारलं.

ती अंगावरच्या विटलेल्या सुती गाऊनकडे बघत राहिली.

"तो जांभळा असेल," तो म्हणाला. "तुझ्या भावाच्या लग्नातला."

तो ड्रेस कधीच विरला होता. त्याचे तुकडे करून तिने उमामाच्या बाहुल्यांना कपडे शिवले होते, आणि त्या बाहुल्याही आता घरात नव्हत्या.

"हो," ती म्हणाली. "तोच."

"छान दिसतो तुला."

त्याने तिच्या बाहीकडे हात नेला. रेशीम की सूत, ते बोटांना लगेच कळलं असतं. हात मध्येच थांबला. मग त्याने तो मागे घेतला आणि आपल्याच मांडीवर ठेवला.