राजाचं शेवटचं वाक्य

मंडळी, आज रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, सांगलीत आमच्या हौशी नाटकाचा प्रयोग सुरू होताना, गर्विष्ठ राजाचं काम करणारे निवृत्त सुभेदार सगळ्यांदेखत मला म्हणाले, "बाई, तुमी विंगेतनं कायबी सांगायचं न्हाई. मला काय इसरायला झालंय व्हय?"

तालमीत त्यांची निम्मी वाक्यं मीच पुरवत होते.

शेवटी सर्वस्व गमावलेला राजा म्हणतो, "माझं चुकलं." नेमके तिथेच ते अडकले. वाक्य माझ्या ओठांवर होतं. अपमान झोंबत होता, म्हणून मी दिलं नाही. लोक हसले. पडदा पाडल्यावरही ते तिथेच उभे होते, वाक्य शोधत.

सुभेदार, माझं चुकलं. हे लेखी देते आहे. तुमचंही शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी हवं. या वेळी वाक्य आधीच पुरवलं आहे.